ॲप घ्या, पण तपासणी स्वतः करा

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतेय. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसते, पीडीएफवर रंगीत खुणा करते, लेक्चर दोनदा ऐकते. तरी टेस्ट सिरीजमध्ये मार्क हलत नाहीत. कुठलं ॲप घेऊ?

ॲपचं नंतर बघू. दिवसभरात पुस्तक मिटून आठवण्यात तुमचा किती वेळ जातो? पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

मग 'अंकी' घ्या. प्रश्नांची कार्डं ते ठरावीक अंतराने समोर आणतं, पण 'जमलं' की 'नाही जमलं' हे बटण तुम्हीच दाबायचं असतं आणि तिथेच लोक स्वतःला सूट देतात. उत्तर आधी कागदावर लिहा, मग कार्ड उलटा. टेलिग्रामवरची आयती कार्डं नकोत. प्रश्न काढण्यातच अर्धा अभ्यास होतो.

सराव पेपरात प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री' किंवा 'अंदाज' लिहा. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात, त्यामुळे खात्रीची म्हणून चुकलेली उत्तरं आधी बघा. नेमका तोच भाग तुम्ही उजळणीतून वगळत असणार.

प्रश्न : पोमोडोरोचा (पंचवीस मिनिटं अभ्यास, मग छोटी सुट्टी) टायमर लावते, पण गणितात रंगले की पंचवीस मिनिटांनी तो वाजतो.

वाजू द्या, गणित पुरं करा. पंचवीसचा आकडा काही शास्त्राने ठरवलेला नाही.

प्रश्न : नववीतला मुलगा चॅटबॉटला विचारून गणितं सोडवतो. गृहपाठ बिनचूक, चाचणीत मात्र बोंब. बंद करू का? (कोथरूड)

बंद केलंत तर मित्राच्या फोनवर करेल. तुर्कस्तानातल्या शाळांमध्ये सुमारे हजार मुलांवर हेच तपासलं गेलं. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला; तो काढून घेतल्यावर परीक्षेत मात्र ती मुलं, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तराऐवजी शिक्षकांनी तयार केलेल्या सूचना देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान जवळपास झालंच नाही.

म्हणून आधी वहीत स्वतःचा प्रयत्न, अर्धवट का असेना. अडला तर 'उत्तर नको, फक्त पुढची पायरी सुचव' एवढंच विचारायचं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचं एक गणित, फोन तुमच्याकडे ठेवून.