वाचकांचे प्रश्न : पश्चिमाभिमुख घराचा नकाशा

प्रश्न : उदगीर शहरालगत आमचा 30 × 50 फुटांचा पश्चिमाभिमुख प्लॉट असून चारही बाजूंची जागा सोडल्यावर बांधकामासाठी 22 × 36 फूट जागा उरते. घरात आई-वडील, आम्ही पती-पत्नी आणि दोन मुले असे सहा जण आहोत. वडिलांना गुडघेदुखी आहे. शेतातून ज्वारी, तूर आणि हरभरा घरी येतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. तयार नकाशात पुढे सबंध रुंदीचा हॉल, त्याला लागून खुले स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या तिन्ही खोल्या वरच्या मजल्यावर दाखवल्या आहेत. हॉल अखंड दिसावा म्हणून मधला कॉलम काढता येईल, असे गुत्तेदार म्हणतात. स्वयंपाकघर आग्नेयेलाच असावे, असा आईचा आग्रह आहे. या नकाशात काय बदलावे?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : आपल्या नकाशातील खोल्यांची मापे वाईट नाहीत, त्यांच्या जागा चुकल्या आहेत. सणावारी आणि पाहुणे आल्यावर भरणाऱ्या हॉलला तळमजल्याचा मोठा हिस्सा मिळाला आहे आणि ज्यांचा सगळा दिवस घरात जातो, त्या आई-वडिलांना जिना चढायला लावले आहे. शिवाय तो हॉल नेमका पश्चिमेला आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, मात्र तीननंतर तोच सूर्य पश्चिमेला कलला की छज्ज्याखालून सरळ आत येतो. रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या उघड्या भिंतीला आतून हात लावून पाहावा. ती तेव्हाही गरम लागते, आणि मग पंखा केवळ तीच ऊब घरभर फिरवत राहतो.

म्हणून पश्चिमेच्या अंगाला ज्या जागांत कोणी फार वेळ बसत नाही, त्या जागा आणाव्यात. पुढे पूर्ण रुंदीची सहा फूट खोल पडवी घ्यावी. जुन्या वाड्यांतील ओसरी हेच काम करीत असे, आणि गावाकडचा माणूस चप्पल काढून निवांत टेकतो तो तिथेच, सोफ्यावर नव्हे. पडवीच्या मागे नैऋत्य कोपऱ्यात जिना आणि वायव्येला साधारण 12 × 11 फुटांची बैठक पुरेशी होईल. बैठकीच्या मागे उत्तरेच्या बाजूने पाच फूट रुंदीचे न्हाणीघर आणि त्याला लागून आई-वडिलांची 11 × 12 फुटांची खोली येते. दक्षिणेच्या बाजूने जिन्यामागे जेवणाची जागा आणि तिच्या मागे, आग्नेयेला, स्वयंपाकघर बसते. आईंचा आग्रह येथे विनाखर्च पाळला जातो आणि तो योग्यही आहे. स्वयंपाकघराला सकाळचे ऊन मिळते, दुपारचे मिळत नाही. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असल्याने फोडणीचा धूर घरात न शिरता मागच्या दाराने बाहेर जातो. वरच्या मजल्यावर आपली व मुलांची खोली पूर्वेकडे ठेवून पश्चिमेला गच्ची सोडावी. तिथे उन्हाळ्यात अंथरुणे टाकता येतील.

खुल्या स्वयंपाकघराबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ज्या घरात काळा मसाला भाजला जातो आणि मिरचीचा ठेचा तव्यावर रगडला जातो, तिथे ते दोन महिन्यांत पडद्यांनाही कळते. अडीच फुटांचे दार आणि जेवणाच्या बाजूला ताटे सरकवण्यापुरती खिडकी ठेवल्यास आतल्या माणसाचे बोलणे तुटत नाही आणि फोडणीचा ठसकाही घरभर पसरत नाही. ओट्याची उंची कॅटलॉगातून घेऊ नये. ज्या रोज भाकरी करतात त्यांनी ओट्याइतक्या उंचीच्या टेबलावर परात ठेवून थापून पाहावे. परातीच्या काठामुळे हात तीनेक इंच वर जातात आणि ओटा उंच असल्यास खांदे उचलले जाऊन पाठ दुखते. त्यामुळे ओट्याचा भाकरीपुरता भाग बाकीच्यापेक्षा तीन इंच खाली घेतला तरी चालतो. गॅसच्या नेमकी पाठीमागे खिडकी नको, कारण वाऱ्याने ज्योत विझते.

आई-वडिलांच्या खोलीला तीन फूट रुंद दार द्यावे. न्हाणीघराला उंबरठा न ठेवता पाणी अडवण्यासाठी फरशीला उतार द्यावा, आणि त्याचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते, ही गोष्ट नकाशा काढताना कोणाच्या लक्षात येत नाही. कमोडशेजारच्या भिंतीत आधाराची दांडी बसवायची असल्यास ती भिंत पक्क्या विटेची घ्यावी. वरच्या मजल्याचे न्हाणीघर शक्यतो याच्या डोक्यावर आणावे. आपल्या भागातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते, त्यामुळे पाण्याचे पाइप घरभर फिरवून कुठे तरी गळती झाली, तर पायाखालची जमीन एकाच जागी हलते आणि भिंतींना तडे जातात.

कॉलम काढण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात काय झाले, हे लातूर जिल्ह्यातील वाचकाला सांगायला नको. तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे, म्हणजे मातीची सपाट छपरे, कोसळली, म्हणून सिमेंटचे घर आपोआप सुरक्षित ठरत नाही. वरचा कॉलम खालच्या कॉलमवरच उभा राहिला पाहिजे, आणि याबाबतीत गुत्तेदाराचा नव्हे तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शब्द अखेरचा मानावा. बैठक लहान केल्यावर तो कॉलम तसाही भिंतीत जाईल.

पाण्याचा हिशेब नकाशातच करावा लागतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर धरतात. सहा माणसांचे दहा दिवसांचे 8,100 लिटर होतात. आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट पाण्याची खोली असलेल्या हौदात एवढे पाणी मावते. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा हे माप कोणाला जास्त वाटू नये. हौद पुढच्या मोकळ्या जागेत घ्यावा आणि सेप्टिक टँक मागे. वास्तुशास्त्राप्रमाणे हौद ईशान्येला हवा, असे कोणी सांगेल. टँकरचा पाइप तिथवर पोहोचतो का, हे त्यांनाच विचारावे.

धान्याची कोठी जिन्याखाली होते. पोती भिंतीपासून अर्धा फूट दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

पाया खोदण्याआधी एका सुटीच्या दिवशी प्लॉटवर फक्कीने खोल्यांच्या रेषा मारून घ्याव्यात, आई-वडिलांच्या खोलीत खरोखरची खाट टाकावी आणि वडिलांना तिथून न्हाणीघरापर्यंत चालून पाहायला सांगावे. उघड्या आभाळाखाली खोल्या फार लहान दिसतात. त्याने घाबरून मापे वाढवू नयेत.

प्रश्न : पैठणचा आमचा जुना वाडा उतरवला. त्यातील सागवानी दार आणि दोन खांब नव्या घरात कुठे बसवता येतील?
— एक वाचक, पैठण

उत्तर : आधी दाराची आतली उंची मोजावी. जुनी दारे बहुधा साडेपाच फुटांच्या आसपास असतात आणि त्यांचा उंबरठा उंच असतो, म्हणून मुख्य दार म्हणून त्यांचा उपयोग नाही. कपाट आणि फ्रिज त्यातून आत जाणार नाहीत. देवघराला ते शोभेल, कारण तिथे वाकून जाण्याची सवय असते. मात्र चौकटीचे माप स्लॅब पडण्यापूर्वी अभियंत्याला द्यावे, नाही तर नवी भिंत फोडावी लागते. खांब पडवीत शोभेसाठी उभे करावेत, त्यांच्यावर भार टाकू नये आणि ते दगडी तळखड्यावर बसवावेत. त्यापूर्वी त्यांची जमिनीकडची टोके पेचकसाने टोचून पाहावीत; वाळवी लागली असेल तर ती तिथेच सापडते, आणि तेवढा भाग कापून टाकून उरलेला खांब वापरता येतो.