छोटे कारखाने का बुडतात, आणि आजारी कारखाना वाचवायला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मामांचा फॅब्रिकेशनचा कारखाना डबघाईला आलाय आणि घरात सगळे 'मंदी' म्हणतात. तो शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात त्याच जागी 'खाणबंदी' (२०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या ती) हा शब्द आहे, आणि तो मला कधीच पटलेला नाही.

२००४ साली थोरल्या भावाने आणि मी गोव्यात डिचोलीला वर्कशॉप टाकलं. दोन लेथ, वेल्डिंगचा सेट, चार कामगार, भागीदारी निम्मी-निम्मी. लोहखनिजाला चीनची मागणी चढत होती, मांडवी नदीत ते वाहून नेणाऱ्या बार्जची, म्हणजे सपाट बोटींची, रांग लागायची. आम्ही बार्जच्या शाफ्टचे गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश करायचो, रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, पिना करायचो, टिप्परचे हौदे वेल्ड करायचो. चार आण्यांचं काम इकडचं-तिकडचं आणि बारा आण्यांचं एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं.

गोव्याबाहेरच्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो: पावसात खाण बंद असते. जून ते सप्टेंबर बार्ज दुरुस्तीला लागतात, ट्रक उभे असतात, आणि वर्कशॉपचं वर्षाचं निम्मं काम त्या चार महिन्यांत होतं. पत्रा आणि गनमेटल आम्ही रोखीने आणायचो, पगार दर शनिवारी. बिलाचे पैसे मात्र हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे बोलायला ऑक्टोबर आणि हातात पडायला फेब्रुवारी.

आता बँकेचा हिशेब बघा. आमची उलाढाल ६० लाखांची. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल अंदाजित उलाढालीच्या २० टक्के देतात, म्हणून कॅश क्रेडिट, म्हणजे खात्यातून लागेल तशी उचलायची कर्जाची मर्यादा, १२ लाखांचं. या नियमात माल आणण्यापासून पैसे येईपर्यंतचं चक्र तीन महिन्यांचं धरलेलं आहे. आमची येणीच (गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे) पाच-पाच महिने थकायची, म्हणजे २५ लाख बाहेर अडकलेले. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे त्या वेळी किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही. गिऱ्हाइकाने पैसे थकवले की बँकही त्याच महिन्यात हात आखडता घेते. कारखाना इथे मरतो. ऑर्डरी भरपूर असतानाही मरतो.

मार्च २०११ मध्ये, खाणी जोरात चालू असताना, मी दादाला म्हटलं की गिऱ्हाइकाला पत्र लिहू. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात स्पष्ट आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतला की ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तेव्हा बँक रेट ६ टक्के होता, म्हणजे १८ टक्के. पत्र टाइप केलं, माझी सही केली. दादा म्हणाला, "दर चवथीला त्यांची माटोळी बघायला जातो आपण, आणि त्यांना कायदा दाखवणार तू?" (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची आरास.) पत्र फाइलमध्ये गेलं.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या. चवथ १९ तारखेला होती. त्या पावसात केलेल्या कामाचे १४ लाख बाहेर होते, आणि हंगाम सुरूच झाला नाही. पैसे मागायला गेलो तर समोरच्याचं उत्तर तयार होतं: आमचंच बंद आहे, तुम्हाला कुठून देऊ? डिसेंबरात खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं. एक लेथ विकली, नंतर दुसरी, आईच्या पाटल्या त्याच्या आधीच गेल्या होत्या.

शेजारच्या शेडमधला माणूस आजही कारखाना चालवतो. तोही बार्जची कामं घ्यायचा, पण निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मशीनला हात लावत नसे, आणि कुंडई-वेर्ण्याच्या औषध कंपन्यांची सुट्या भागांची कामं सोडत नसे. खाणबंदी त्यालाही लागली होती. दादाने याचं उत्तर मला आजवर दिलेलं नाही.

सबसिडी, मेळावे, नवी वसाहत यांना मी उपाय मानत नाही. स्वस्त कर्जाने उधारी आणखी लांबते, एवढंच होतं. मामांनी पहिल्यांदा येणी तारखेप्रमाणे मांडावीत. ४५ दिवसांवरच्या प्रत्येक बिलाला पत्र, मग फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) अर्ज, तो आता ऑनलाइन करता येतो. निकाल विरुद्ध गेला तर आव्हान द्यायलाच खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्च आला की मोठ्यांचे अकाउंटंट आपणहून फोन करतात. बँकेकडे हप्ता चुकायच्या आधी जावं. खातं अडचणीत येतंय असं दिसलं की कर्जाच्या पुनर्रचनेसाठी मालक स्वतः अर्ज करू शकतो, थकबाकीचे ९० दिवस भरून खातं एनपीए झाल्यावर गेलं तर बँकेची भाषा बदललेली असते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) माल देण्याच्या आधीची हवी, नंतरच्या नोंदणीवर वाद निघतात. नुसत्या व्यापाऱ्याला किंवा मध्यम उद्योगाला आयकराच्या या तरतुदीचा फायदा नाही. कौन्सिलने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. आणि गिऱ्हाईक जाऊही शकतं. २०११ ला आमचंही गेलं असतं कदाचित, आणि दुसरी कामं नसती तर थकबाकी वसूल होऊनही आम्ही २०१३ च्या पुढे गेलो नसतो, हे मी मान्य करतो. पण घरातले दागिने राहिले असते.

मामांच्या फर्ममध्ये दुसरा भागीदार असेल तर त्या पत्रावर आधी त्याची सही घ्या. आमच्या पत्रावर अजून एकच आहे.