पोपट महिनाभर एकटा का ठेवतात?

ताई, चार वर्षं घरात वाढवलेला मिठू पाळणं बेकायदा आहे हे कळल्यावर तुम्ही तो आपणहून वनखात्याकडे दिलात, ही सोपी गोष्ट नव्हती. आता तो प्राणिसंग्रहालयाच्या बचाव केंद्रात पडदा लावलेल्या पिंजऱ्यात एकटा आहे. पलीकडे इतके पोपट असून त्याला त्यांच्यात सोडत नाहीत, तुम्हालाही भेटू देत नाहीत, मग हा छळ नाही का, असं तुम्ही विचारलंय. बचाव विभागात पशुवैद्यकांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिठू तुम्हाला ठणठणीत दिसत होता, आणि खरी अडचण तिथेच आहे. पक्षी आजार लपवतो. थव्यात जो मलूल दिसेल त्याच्यावर शिकऱ्याची नजर आधी जाते, म्हणून अंगात रोग असूनही तो खात-बोलत राहतो. पोपटांमध्ये सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, तो माणसालाही होतो. कुठलंही लक्षण नसलेला पोपटही हे जंतू अंगात बाळगून असू शकतो. घर बदललं, पिंजरा बदलला, माणसं बदलली की शरीरावर ताण येतो, प्रतिकारशक्ती उतरते आणि मग ते जंतू विष्ठेतून बाहेर पडू लागतात. तेही रोज नाही, अधूनमधून. त्यामुळे पहिल्या दिवशीची तपासणी स्वच्छ आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. साधारणपणे किमान ३० दिवस वेगळं ठेवतात ते यासाठी. तपासणीत सिटॅकोसिस निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा उपचारच ४५ दिवस चालतो. दुसरा एक विषाणूजन्य रोग चोच आणि पिसं खराब करतो, त्यावर तर औषधच नाही. त्याचा एक पक्षी मोठ्या पिंजऱ्यात गेला तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

या महिन्यात आत बरंच काही चालू असतं. रोज वजन होतं, कारण पिसांच्या फुगाऱ्यात खंगलेली छाती दिसत नाही, वजनकाटा मात्र ते लगेच सांगतो. विष्ठेचे नमुने पुन्हा पुन्हा तपासतात, जंतांचं औषध देतात. पिंजरा कधीच कोरडा झाडत नाहीत, आधी ओला करतात, नाहीतर वाळलेल्या विष्ठेची धूळ उडून माणसाच्या फुफ्फुसात जाते. भांडी, झाडू, गमबूट या खोलीचे वेगळे. दाराशी जंतुनाशकाचा ट्रे. राखणदार शक्यतो वेगळा असतो, आणि तेवढी माणसं नसतील तर तो आधी निरोगी प्राण्यांचं काम उरकून सगळ्यात शेवटी इथे येतो, उलट कधीच नाही. मध्येच त्याच खोलीत नवा पक्षी आला तर आधीच्यांचे दिवसही पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हा नियम सांभाळताना सगळ्यांच्याच जिवावर येतं, पण तो मोडला तर बाकी सगळं व्यर्थ जातं.

हे अति वाटत असेल तर नागपूरजवळच्या गोरेवाड्याचं उदाहरण आठवा. डिसेंबर २०२४च्या अखेरीस तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला तो बर्ड फ्लूचा, एच५एन१चा. माणसाशी संघर्ष झाला म्हणून हे वाघ जंगलातून पकडून आणलेले, म्हणजे त्यांचा जीव वाचवण्यासाठीच आणलेले. खाण्यातल्या कोंबडीतून संसर्ग आला असावा असा संशय होता. २०१८ साली गीरमध्ये वीसपेक्षा जास्त सिंह गेले, त्यात कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये एरवी आढळणारा हा रोग. तिथेही उरलेले सिंह पकडून वेगळे ठेवावे लागले आणि त्यांना लस द्यावी लागली. रोग दारातून येतो, अन्नातून येतो, माणसाच्या बुटातूनही येतो.

आता भेटीबद्दल. तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच, आणि त्याचं कारण फक्त रोग नाही. मिठूला माणूसच आपला थवा वाटतो. तो पुन्हा आकाशात जाण्यालायक आहे का, हे ठरवताना बघतात की त्याला सलग उडता येतं का, झाडावरचं फळ ओळखून खातो का, आणि माणूस दिसला की लांब जातो का. माणसाकडे झेपावणारा पोपट सोडला तर तो पुन्हा कुणाच्या तरी पिंजऱ्यात जाणार, किंवा मांजराच्या तोंडी. म्हणून तिथले लोक त्याच्याशी बोलत नाहीत. तुमचा आवाज ऐकला की त्याची ओढ पुन्हा जागी होईल. पंख कातरलेले असतील तर नवी पिसं यायला कित्येक महिने लागतात, तोवर घाई करून उपयोग नाही. आणि सोडण्यालायक ठरला नाही, तर त्याच्या जातीच्या पोपटांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात राहील. माझ्या मते माणसांच्या घरात एकट्याने राहण्यापेक्षा तेही शंभर पटींनी बरं.

एक मात्र खरं. एकटं ठेवणं म्हणजे रिकाम्या पिंजऱ्यात डांबणं नव्हे. पोपट बुद्धिमान असतो, कंटाळला की स्वतःची पिसं उपटतो. कुरतडायला ताज्या फांद्या, शेंगा, वेगवेगळ्या जाडीच्या बसायच्या काठ्या एवढं तरी हवंच. एकाच घरातून दोन पोपट आले असतील तर त्यांना एकत्र ठेवता येतं. या गोष्टींबद्दल तुम्ही फोनवर जरूर विचारा, न भांडता पण स्पष्ट. चांगल्या केंद्राला असा प्रश्न आवडतो.

तुमच्याकडून दोन कामं व्हायला हवीत. मिठू काय खायचा, ते एका कागदावर खरं खरं लिहून द्या: भिजवलेली डाळ, मिरची, दूध-पोळी, सूर्यफुलाच्या बिया, जे असेल ते. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला बहुतेक वेळा जीवनसत्त्व अ कमी पडतं, यकृतावर चरबी चढते, आणि आहार एकदम बदलला तर तो उपाशी बसतो. डॉक्टरांना ही माहिती पहिल्याच आठवड्यात मिळाली तर पुढचं सगळं सोपं जातं. घरात कधी दुसरा पक्षी होता का, तो कशाने गेला, तेही लिहा.

दुसरं, घरातल्या कुणाला, विशेषतः वयस्कर माणसांना, ताप, सुका खोकला, डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना घरात पोपट होता हे आवर्जून सांगा. आपणहून ते विचारतीलच असं नाही.