कापूस वेचणीच्या दिवसांत प्रशिक्षण ठेवू नका : वाचकांचे प्रश्न

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. म्हणून या वेळी वावरात राबणाऱ्या बायांबद्दल आलेलेच प्रश्न घेतले आहेत.

शेतीशाळेला महिलांना बोलावतो, पण त्या येत नाहीत. हजेरीपटावर सगळ्या सह्या पुरुषांच्या. काय करावे?
— कृषी सहायक, यवतमाळ जिल्हा

तुम्ही कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कुठे बोलावता, ते आधी कागदावर लिहून काढा. बहुतेक उत्तर तिथेच सापडेल.

मी नोकरीत नवी असताना नोव्हेंबरमध्ये, तालुक्याच्या गावी, दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले होते. चाळीस नावांत बाया सहा. अहवालात मी लिहिले, ‘महिलांमध्ये उत्साहाचा अभाव.’ पुढे त्याच गावात एकीने मला विचारले, “मॅडम, दोन दिवसांची वेचाई बुडाली असती, ते पैसे कोन देते?” वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तिच्यासाठी माझे मोफत प्रशिक्षण दोन दिवसांच्या कमाईएवढे महाग होते. ते वाक्य मी पुन्हा कधीही कुठल्या अहवालात लिहिले नाही.

बाजाराच्या दिवशी बऱ्याच गावांत मजुरी बंद असते, तो दिवस धरा. नाहीतर बाया दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शिदोरी सोडतात तेव्हा तिथेच जा आणि अर्ध्या तासात एकच गोष्ट शिकवा. लहान मुलं असतील तर जागा अंगणवाडीजवळची घ्या. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर तो घरधन्याच्या मोबाईलमध्येच राहतो. तो बचत गटातून, कृषी सखीच्या (गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या) तोंडून जाऊ द्या. आणि निधीचा अडसर सांगू नका. ‘आत्मा’च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के निधी महिला शेतकरी आणि महिला विस्तार कर्मचाऱ्यांसाठी वापरायचा आहे.

फवारा मालक मारतात, म्या फक्त पानी आनून देतो आन् निंदतो. बोंडअळीचं शिकून मले काय फायदा?
— शेतकरी महिला, राळेगाव तालुका

ताई, अळी आधी तुम्हालाच दिसते. निंदताना तुम्ही एकेका पऱ्हाटीजवळ, कपाशीच्या झाडाजवळ जाता, फवारणारा माणूस ओळीतून पुढे निघून जातो. फुलं लागल्यावर एखादं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी असते. डोमकळ्या ओट्यात जमा करा आणि अळीसकट नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री सापडले तर उपाय करायची वेळ झाली. हा हिशेब वहीत ठेवणारी बाई घरात असेल तर फवारणी अंदाजाने होत नाही. औषधाचा खर्चही आवाक्यात राहतो.

तुमच्या प्रश्नातला ‘फक्त’ हा शब्द मात्र मला खटकला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते तुमच्या भागात कोणी विसरलेलं नसेल. त्यानंतर शिकवलं गेलं ते मुख्यतः पंप पाठीवर घेणाऱ्याला. पण बाटलीतलं औषध पाण्यात मिसळतानाच ते सगळ्यांत तीव्र असतं, आणि त्या वेळी बादली धरून तुम्ही जवळ उभ्या असता. संध्याकाळी फवारणाऱ्याचे कपडे तुम्हीच धुता. म्हणून हातमोजे तुम्हालाही हवेत. द्रावण काठीने ढवळा, हाताने कधीच नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. फवारलेल्या वावरात त्याच दिवशी निंदायला उतरू नका. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई या कामाच्या आसपासही नको. डब्यावरचा त्रिकोण ओळखायला वाचता यावं लागत नाही : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

पुढच्या शेतीशाळेत तुमचं नाव ‘शेतकरी’ म्हणून लिहायला सांगा. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात कसणारे, बटाईदार आणि शेतमजूर, सगळेच धरले आहेत.

‘श्री’ पद्धतीचे (कोवळी रोपे एकेक करून, अंतरावर लावायच्या धान लागवडीचे) प्रशिक्षण मी घेतले. पण रोवणीच्या टोळीतल्या बाया ऐकत नाहीत, एका जागी तीन-चार रोपे लावतात.
— धान उत्पादक, साकोली तालुका

प्रशिक्षण तुम्ही घेतले, रोवणी त्या करतात. अडचण इथेच आहे. आठ ते बारा दिवसांचे कोवळे रोप, एका जागी एकच, दोन्ही बाजूंनी २५ सेंटिमीटर अंतर, हे सगळे त्यांच्या आजवरच्या हातवळणाच्या उलट आहे. जन्मभर त्यांनी मोठे पऱ्हे, म्हणजे वाढलेली रोपे, मूठभर घेऊन भराभर लावले. नाजूक रोप वाहून गेले तर बोल त्यांनाच बसेल, ही भीती खरी आहे. शिवाय टोळी एकराच्या ठेक्याने येत असेल तर दोरी ताणून, मोजून लावण्यात त्यांची मजुरी बुडते. ते नुकसान त्यांनी तुमच्यासाठी का सोसावे?

पहिल्या वर्षी एकाच बांधीत (धानाच्या एका तुकड्यात) करा, आणि त्या बांधीपुरती मजुरी ठेक्याने न देता रोजाने द्या. टोळीच्या मुकादमीणबाईला आधी शिकवा. सिंदेवाहीला किंवा साकोलीला धानाचे प्रात्यक्षिक पाहायला जाल तेव्हा गाडीत तिची जागा ठेवा. महिन्याभराने फुटवे मोजायलाही तिलाच बोलवा. एका रोपाला किती फुटवे आले ते तिने स्वतः मोजले की पुढच्या वर्षी टोळीला ती सांगेल, आणि तिचे ऐकले जाईल.

संशोधनासाठी सातबाऱ्यावरून १२० शेतकरी निवडले. जवळपास सगळे पुरुष निघाले. नमुना चुकला का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, अकोला

नमुना चुकला, कारण यादीच अपुरी आहे. सातबारा मालकी सांगतो, काम सांगत नाही. त्याच घरांतल्या बाईचीही स्वतंत्र मुलाखत घ्या, नवऱ्यासमोर नको. ‘तुम्ही काय करता?’ असे विचारलेत तर ‘काही नाही, घरीच असतो’ हेच ऐकाल, आणि तिच्या पायाला चिखल लागलेला असेल. त्याऐवजी काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केले ते सांगायला लावा.

वाणांचा अभ्यास असेल तर बायांना वेगळे विचारणे फारच मोलाचे. ज्वारीच्या वाणाला पुरुष क्विंटलने जोखेल. बाई भाकरी कशी होते, कडबा जनावर खाते का, हेही बघेल. तुरीची डाळ किती वेळात शिजते हे चुलीपुढे बसणारीलाच ठाऊक असते. चांगले उत्पादन देणारा वाण गावात टिकला नाही, तर कारण अशा ठिकाणी शोधून पाहा. अवजारांचेही तेच. पुरुषाच्या उंचीने आणि पकडीने बनवलेली मूठ बाईच्या हातात जड पडते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय कृषिरत महिला संस्थेने यावर काम केले आहे, ते जरूर वाचा.

मार्गदर्शक ‘हा समाजशास्त्राचा विषय’ म्हणाले, तर जागतिक अन्न व कृषी संघटनेचा २०११ चा अहवाल पुढे ठेवा. बियाणे, कर्ज, माहिती अशी साधने पुरुषांइतकी मिळाली तर महिलांच्या शेतातले उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते, असे त्यात मांडले आहे. हा उत्पादनाचाच विषय आहे.

आमच्या गटाने फवारणीचा ड्रोन घ्यावा का?
— बचत गटाच्या सचिव, मोर्शी तालुका

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत गटाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठरवली आहे. मात्र आधी हंगामात किती एकर फवारणी पक्की मिळेल ते मोजा आणि दुरुस्ती कुठे होईल ते विचारा. ड्रोन गटाचा आणि उडवणारा कोणाचा तरी भाऊ, असे होणार असेल तर घेऊ नका.

प्रशिक्षण झाले, अवजारासाठी अर्ज केला. सातबारा नवऱ्याच्या नावावर म्हणून अडला.
— शेतकरी महिला, कारंजा तालुका

यजमान राजी असतील तर लक्ष्मीमुक्ती योजनेतून सहधारक म्हणून नाव लावून घ्या. १९९२ पासून ही सोय आहे. ते हयात नसतील तर वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या. पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे, सासरे-दिरांच्या परवानगीची गरज नाही. शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे, त्यामुळे हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नका. तलाठ्याकडे अर्ज दिला की तारखेची पोच हातात घेऊनच उठा.