पिशवीतलं साउंड कार्ड की खोक्यातलं?

प्रश्न : जुने गेम खेळायला आणि साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांची फाइल) लावून मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा एवढंच सांगणारी फाइल) वाजवायला विंडोज एक्सपीचं मशीन जुळवतो आहे. लॅमिंग्टन रोडवर साउंड ब्लास्टर लाइव्ह ५.१ खोक्यासकट मिळतंय, आणि नुसत्या अँटिस्टॅटिक पिशवीतलं ओईएम कार्ड निम्म्या भावात. दुकानदार म्हणतो, माल एकच. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ओईएम म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक दिलेला माल. बहुतेक वेळा त्यात खोकं, केबली आणि गेमच्या सीडी एवढंच कमी असतं. तेवढ्यासाठी भाव उतरला असेल तर खुशाल घ्या. पण तुम्ही नेमकं असं कार्ड विचारलंत की ज्यात 'माल एकच' हे वाक्य महागात पडू शकतं.

मूळ लाइव्हवर ईएमयू१०के१ ही चिप असते. मिडीचे ६४ आवाज ती स्वतः वाजवते, साउंडफॉन्ट मशीनच्या रॅममधून उचलते आणि गेममधला ईएएक्स या तंत्राचा घुमारा तिच्याच डीएसपीवर, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागावर, तयार होतो. डेलच्या संगणकांसाठी कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीने याच नावाचं एक स्वस्त कार्ड काढलं. त्यावरची चिप ईएमयू१०के१एक्स. फरक शेपटीच्या एका अक्षराचा, पण चिप वेगळीच. लिनक्समध्येही तिला स्वतंत्र ड्रायव्हर आहे. खोक्यातल्या सीडीचा सेटअप हे कार्ड ओळखत नाही आणि मध्येच थांबतो. केएक्स हा बाहेरच्यांनी लिहिलेला पर्यायी ड्रायव्हरही चालत नाही. डेलचा ड्रायव्हर घातला की गाणी छान वाजतात, पण चिपमध्ये सिंथच (मिडीचे सूर तयार करणारा भाग) नसल्यामुळे साउंडफॉन्टचा बेत तिथेच बारगळतो.

म्हणून दुकानात पिशवीतून कार्डाच्या पाटीवरचा क्रमांक वाचा. एसबी०२०० किंवा एसबी०२०३ दिसला तर परत ठेवा. एसबी००६० किंवा एसबी०१०० असेल तर चिप मूळ आहे, मग खोकं नसलं तरी बिघडत नाही. क्रमांक पुसट असेल तर कार्ड दुकानातल्याच मशीनमध्ये लावून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघायचा : उत्पादकाचा क्रमांक दोन्हींत ११०२, पुढचा डिव्हाइस क्रमांक मूळ चिपचा ०००२, डेलवालीचा ०००६. ०००७ आला तर ती सीए०१०६ ही तिसरीच चिप, म्हणजे कार्ड लाइव्ह २४-बिट किंवा ऑडिजी एसई. ही दोन्ही कार्डं रंगीत खोक्यांत विकली गेली, पण डीएसपी त्यांतही नाही. खोकं पाहून भुलू नका, ते यासाठीच!

पिशवीतलं घेतलंत तर मूळ सीडी मागून घ्या. क्रिएटिव्हचे बरेच डाउनलोड नुसते अपडेट असतात. आधी सीडीवरून ड्रायव्हर बसलेला नसेल तर ते पुढे सरकत नाहीत. ऑडिओ सीडीची चार पिनांची केबल मिळाली नाही तरी चालेल. एक्सपीत सीडी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सीडी ऑडिओवर टिक केली की काम होतं. बायोसमधून मदरबोर्डचा आवाज मात्र बंद करा.

प्रश्न : बारीक कॅबिनेटसाठी आसूसचं झोनार डीएक्स बिनखोक्याचं मिळतंय. काय तपासू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी पत्रा, म्हणजे कार्ड कॅबिनेटच्या मागच्या बाजूला स्क्रूने जखडायची धातूची पट्टी. बारीक कॅबिनेटला सुमारे ८ सेंटिमीटरचा आखूड पत्रा लागतो, नेहमीचा १२ सेंटिमीटरचा असतो. सुट्या मालात आखूड पत्राच हरवलेला असतो आणि नंतर तो मिळता मिळत नाही.

दुसरं, हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसलं तरी त्याला एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) फ्लॉपीवाला छोटा चार पिनांचा प्लग लागतोच. आजच्या एसएमपीएसला तो नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या हार्ड डिस्कला लागणाऱ्या मोठ्या चार पिनांच्या प्लगवरून) काढणारा जोड घ्या. प्लग उलटा दाबून बसवू नका. त्याच्या एका टोकाला ५ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट असतात. उलटा गेला तर ५ च्या जागी १२ जातात आणि कार्ड जळतं.

प्रश्न : ओईएम कार्डाला वॉरंटी कोणाची? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सहसा कार्ड बनवणाऱ्याची नाही. ज्या कंपनीच्या संगणकात ते आलं तिची, आणि सुटं विकलं असेल तर दुकानदाराची. मुदत आणि कार्डाचा सिरियल क्रमांक बिलावर लिहून घ्या. नुसत्या तोंडी 'एक वर्ष'ला अर्थ नाही.