लिमिटेड-रन किट: आधी फेटलिंग, मग गोंद

या वेळचे बहुतेक प्रश्न 1:72 प्रमाणातल्या व्हल्टी व्हेंजन्स या विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेल किटबद्दल आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. 1944 मध्ये भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रननी हे डाइव्ह बॉम्बर (सूर मारत बॉम्ब टाकणारं विमान) ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलं. आपल्याकडच्या शेल्फांवर स्पिटफायर ढिगाने दिसतात, व्हेंजन्स क्वचितच.

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. आजवर मोठ्या कंपन्यांची किट बांधली. या लिमिटेड-रन (थोड्याच नगांच्या) किटमध्ये भाग जुळवायच्या खुंट्याच नाहीत, गेट (भाग चौकटीला जोडणारे दांडे) बोटभर जाड, कडांना फ्लॅश (बाहेर आलेली पातळ पापडी). माझ्या वाट्याला खराब डबा आला का?

नाही. डबा बरोबर आहे. मोठ्या कंपन्यांचे साचे कडक पोलादाचे असतात. त्यांतून लाखो भाग निघायचे असतात, म्हणून तो खर्च परवडतो. व्हेंजन्ससारखं विमान मागणारे जगात थोडेच, त्यामुळे साचा मऊ धातूचा किंवा इपॉक्सीचा करतात आणि प्लॅस्टिक कमी दाबाने भरतात. कमी दाबात साचा नीट भरावा म्हणून गेट जाड ठेवावे लागतात. दोन अर्धे साचे हुबेहूब जुळण्याची खात्री नसते, म्हणून खुंट्या टाळतात. पार्टिंग लाइनवर, म्हणजे दोन साचे मिळतात त्या रेषेवर, फ्लॅश का येते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. हे भाग म्हणजे नुकतंच शेक-आउट झालेलं, साच्यातून बाहेर काढलेलं कास्टिंग समजा, फेटलिंग (कापून-घासून साफ करणं) तुमच्याकडे.

गेट पक्कडीने मोडू नका, भागाचा लचका निघतो. बारीक करवतीने भागापासून थोडं लांब कापा आणि उरलेलं कानशीने उतरवा. मग सपाट काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी घालून, पंखाचा आणि फ्यूजलाजचा (विमानाच्या धडाचा) जुळणारा प्रत्येक पृष्ठभाग गोल फिरवत घासा. फ्यूजलाजवर दर चार-सहा फेऱ्यांनी दोन्ही अर्धे जुळवून बघा. इथे जास्त घासलं तर विमान अरुंद होतं आणि पुढे कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बसत नाही.

पंखाच्या मागच्या कडेवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ती अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानात 36 मिलिमीटर जाड कड झाली! दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी आतून घासून पातळ करा, म्हणजे बाहेरच्या पॅनेल रेषा शाबूत राहतात. खुंट्यांच्या जागी 0.8 मिलिमीटरची भोकं पाडून पितळी तार घाला. पंख आणि शेपटीचे आडवे पंख नुसत्या गोंदावर सोडू नका.

सगळं टेपने बांधून एकदा पूर्ण विमान उभं करा. फटी कुठे पडतात ते कळल्यावरच लिक्विड सिमेंटची बाटली उघडा. माझा आग्रह एवढाच आहे: निम्म्याहून जास्त वेळ गोंदाआधी गेला पाहिजे. तरी उरलेल्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी घाला. लांबीने (पुट्टीने) मोठी फट भरली की ती आक्रसते आणि रंगावर रेघ उमटते.

प्रश्न: पंख फ्यूजलाजला अगदी सपाट बसतो, पुढची कड जराही वर नाही. मी चुकीचा बसवला का? (राजारामपुरी)

तुमचा पंख बरोबर आहे, आणि या विमानाची खरी गंमत इथेच आहे. बहुतेक विमानांत पंखाची पुढची कड थोडी वर उचललेली असते. व्हेंजन्सच्या सुरुवातीच्या मार्कमध्ये (आवृत्त्यांमध्ये) हा कोन शून्य ठेवला होता. सरळ खाली सूर मारताना कोन असलेला पंख उचल निर्माण करत राहतो आणि विमान नेमापासून सरकतं. शून्य कोनामुळे व्हेंजन्स जवळजवळ उभं खाली येऊ शकायचं. त्याची किंमत सरळ उड्डाणात मोजावी लागायची: नाक वर करूनच उडावं लागे आणि वैमानिकाला समोरचं कमी दिसे. नंतरच्या मार्क 4 मध्ये हा कोन 4 अंश केला, पण आपल्या स्क्वाड्रनची विमानं त्याआधीच्या मार्कची. तेव्हा शिम (पातळ पाचर) घालून पंख 'सुधारू' नका. मॉडेल उडत्या अवस्थेत स्टँडवर लावणार असाल तर मात्र नाक थोडं वर ठेवा.

प्रश्न: मी हुपरीत चांदीकाम करतो. किटमधले एच केलेले (रसायनाने कोरलेले) पितळी भाग गोंदाऐवजी डाग देऊन (धातू वितळवून) जोडले तर चालतील का? रेझिनच्या ओतीव भागांचं काय करायचं?

चालतील, आणि तुमचा हात आमच्यापेक्षा स्थिर असणार. पण चांदीचा डाग आणि टाकणखार (बोरॅक्स) इथे वापरू नका. तो वितळायला लागणारी उष्णता एवढ्या पातळ पत्र्याला झेपत नाही, बारीक काम वाकून बसतं. रेडिओवाले वापरतात ते शिसं-कथलाचं सोल्डर घ्या, ते 190 अंशांच्या आसपास वितळतं. सीट, डाइव्ह ब्रेक असे धातूला धातू जोडायचे भाग आधी सोल्डर करून घ्या आणि मगच प्लॅस्टिकवर बसवा. घडी घालायचा पत्रा आधी ज्योतीवर तापवून मऊ करा, म्हणजे दुसऱ्यांदा वाकवताना तुटणार नाही.

रेझिनचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. प्लॅस्टिकचं सिमेंट रेझिनला चिकटत नाही; फेविक्विक किंवा इपॉक्सी लागतं. भागाला खाली जोडून येणारा रेझिनचा ठोकळा कापायला तुमची सोनारी करवत सर्वांत उत्तम. वाकलेला भाग गरम पाण्यात बुडवून सरळ करा. रेझिन नेहमी ओलं करूनच घासा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

प्रश्न: पावसाळ्यात रंग मारला की पांढुरका का पडतो? (मंगळवार पेठ)

लॅकर रंगातलं थिनर झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग थंड होतो आणि आपल्या जुलैच्या हवेतला ओलावा त्यावर बसतो. हळू सुकणारं रिटार्डर थिनर थोडं मिसळा, नाहीतर पाऊस उघडेपर्यंत थांबा. कॉम्प्रेसरला ओलावा अडवणारा फिल्टर हवाच, विशेषतः जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर वापरत असाल तर. उद्यमनगरातून गाडीच्या रंगाचं एनसी थिनर आणून थेट प्लॅस्टिकवर मारू नका, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं.

प्रश्न: कॅनॉपी फेविक्विकने लावू का? (शाहूपुरी)

नको. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. फेविकॉल वापरा.

प्रश्न: भारतीय स्क्वाड्रनचं विमान आहे, तर केशरी-पांढऱ्या-हिरव्या रंगाचं चिन्ह लावलं तर? मुलीची तशी फार इच्छा आहे. (इचलकरंजी)

मुलीला सांगा की ते चिन्ह स्वातंत्र्यानंतरचं. 1944 मध्ये या आघाडीवर ब्रिटिश चिन्हातला लाल रंगसुद्धा काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचा धोका होता. त्या जागी गडद निळ्या वर्तुळात फिका निळा गोल आला आणि शेपटीच्या उभ्या पट्ट्याही त्याच दोन निळ्या रंगांच्या. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. 'रॉयल' हा शब्दही कुठे लिहू नका, तो हवाई दलाच्या नावाला मार्च 1945 मध्ये जोडला गेला. मुलीला तिरंगी चिन्हच हवं असेल तर तिच्यासाठी नॅट किंवा मारुत या लढाऊ विमानाचं किट घ्या. मारुत पहिल्यांदा 1961 मध्ये उडालं, त्यावर ते शोभेल.