पाणबुड्यांचा मोडलेला करार: वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रान्सशी केलेला 12 पाणबुड्यांचा करार मोडला आणि अमेरिका-ब्रिटनला सोबत घेऊन 'ऑकस' हा संरक्षण करार जाहीर केला, ज्यात ऑस्ट्रेलियाला अणुऊर्जेवरच्या पाणबुड्या मिळायच्या आहेत. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

मित्रदेशातून राजदूत परत बोलावला म्हणजे संबंध तुटलेच ना?

नाही. राजदूत 'सल्लामसलतीसाठी' मायदेशी येतो. दूतावास उघडाच असतो, व्हिसाचं कामही चालू राहतं. तरीही फ्रान्सने वॉशिंग्टनहून राजदूत बोलावणं ही साधी गोष्ट नव्हती. ही मैत्री 1778 सालची आणि तोवर असं एकदाही घडलं नव्हतं. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या फ्रेंच दूतावासात चेसापीकच्या नौदल लढाईच्या (अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच आरमाराने ब्रिटिशांना इथेच रोखलं) 240 व्या वर्षानिमित्त सोहळा व्हायचा होता. तोही रद्द झाला.

मला मात्र लंडनची गंमत वाटते. कॅनबेराचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातला, राजदूत बोलावला, लंडनचा तिथेच ठेवला. फ्रान्सचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ल द्रियाँ यांनी खुलासा केला की या प्रकरणात ब्रिटन म्हणजे गाडीचं पाचवं चाक. ब्रिटिशांना राजदूत परत गेल्यापेक्षा हे जास्त झोंबलं असणार.

पण ऑस्ट्रेलियाचं चुकलं काय? महाग आणि लांबलेला सौदा कुणीही मोडेल.

सौदा रखडला होता, हे खरंच. 2016 मध्ये 50 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितलेला खर्च 90 अब्जांच्या घरात गेला होता आणि पहिली पाणबुडी 2030 च्या दशकाआधी मिळणार नव्हती. दरम्यान चीनशी संबंध बिघडले. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावं लागतं आणि तिथेच ती सापडण्याची भीती असते. अणुऊर्जेवरची पाणबुडी महिनोन् महिने खाली राहू शकते. आणि फ्रान्सची मूळ 'बाराकुडा' अणुऊर्जेवरचीच होती! ऑस्ट्रेलियाने हट्टाने तिची डिझेल आवृत्ती मागितली आणि पुढे डिझेल नको म्हणून तिलाच नाकारलं. फ्रेंच अणुभट्टीत दर दहाएक वर्षांनी इंधन बदलावं लागतं, अमेरिकी भट्टी पाणबुडीच्या आयुष्यभर चालते, हे कारण पुढे केलं गेलं. ते खोटं नाही. पण फ्रान्सला नीट विचारलं तरी होतं का?

खरी ठेच इथे लागली. जून 2021 मध्ये कॉर्नवॉलच्या जी-7 बैठकीत ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांची अमेरिकेचे बायडेन आणि ब्रिटनचे जॉन्सन यांच्याशी बोलणी झाली आणि काही दिवसांत ते पॅरिसला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांच्याकडे जेवायला गेले. 30 ऑगस्टला फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र व संरक्षण मंत्र्यांनी संयुक्त निवेदनात हा पाणबुडी प्रकल्प महत्त्वाचा असल्याचं लिहून दिलं. इकडे साखरपुड्याच्या याद्या करायच्या आणि तिकडे दुसऱ्या घरी मुहूर्त काढायचा, असा हा प्रकार. करारात ठरावीक टप्प्यांवर बाहेर पडण्याची सोय होती, त्यामुळे तो मोडण्यात बेकायदा काही नव्हतं. ल द्रियाँ 'पाठीत खंजीर' म्हणाले ते या लपवाछपवीला.

मॉरिसन खोटं बोलले असं वाटतं का, असं ऑक्टोबरमध्ये रोमला पत्रकारांनी विचारलं तेव्हा मॅक्राँ यांचं उत्तर होतं: वाटत नाही, मला माहीत आहे. लगेच त्यांचा मॉरिसन यांना गेलेला खासगी मेसेज ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत झळकला. माझ्या मते करार मोडण्यापेक्षा हे जास्त हलकं काम होतं.

नुकसानभरपाई किती मिळाली?

जून 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या अल्बानीज सरकारने नेव्हल ग्रुपला, म्हणजे या पाणबुड्या बांधणाऱ्या फ्रेंच कंपनीला, 55.5 कोटी युरो देऊन प्रकरण मिटवलं. एकही पाणबुडी न मिळता ऑस्ट्रेलियाचा एकूण खर्च सुमारे 3.4 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर झाला.

आपल्या माझगाव डॉकच्या पाणबुड्या याच कंपनीच्या ना?

आराखडा त्याच कंपनीचा. 'कलवरी' ते 'वागशीर' या सहाही स्कॉर्पीन मुंबईत बांधल्या. ऑगस्ट 2016 मध्ये, ऑस्ट्रेलियाने फ्रान्सची निवड करून चार महिने झाले असतील-नसतील, भारताच्या स्कॉर्पीनच्या गोपनीय कागदपत्रांची 22 हजारांहून जास्त पानं फुटली आणि ती बातमी छापली ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्राने. तिथे फ्रेंच सौद्याबद्दल पहिल्यापासून कुरकुर होती, हे यावरून कळतं.

ऑस्ट्रेलियाला अमेरिकी पाणबुड्या मिळतील का?

2030 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तीन 'व्हर्जिनिया' पाणबुड्या मिळतील, हव्या तर आणखी दोन, असं मार्च 2023 मध्ये सॅन डिएगोला ठरलं. पण अमेरिकी गोद्यांतून वर्षाला सव्वा पाणबुडी जेमतेम बाहेर पडते आणि स्वतःची गरज भागवून ऑस्ट्रेलियाला द्यायची तर सव्वादोनच्या वर हवी. शिवाय ही विक्री अमेरिकेच्या स्वतःच्या ताकदीला बाधक नाही, असं अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी आधी प्रमाणित करायचं, अशी कायद्यातच अट आहे. ऑस्ट्रेलियाने गोद्यांच्या वाढीसाठी पैसे भरायला सुरुवात केली आहे. मिळतील, पण वेळेवर मिळतील यावर मी पैज लावणार नाही.